ऑटोवरून उतरताना: शटर आणि अ‍ॅपर्चर मोड, वावरापासून झाडीपट्टीच्या मंचापर्यंत

कॅमेरा ऑटोवर ठेवला की आपल्याकडे दोन ठिकाणी तो हमखास दगा देतो. एक शंकरपट, दुसरे कापूस फुटलेले वावर. पटात जोडी सुटते आणि फोटोत बैलांच्या जागी नुसता फराटा उमटतो. वावरात पऱ्हाटी बोंडांनी लखलखत असते आणि फोटोत कापूस धुळकट राखाडी दिसतो. समोर पळणारे बैल आहेत की उभी पऱ्हाटी, आणि त्यातले तुम्हाला नेमके काय हवे, हे ऑटोला कळायला मार्ग नाही. ते सांगायची सोय कॅमेऱ्यावरच्या मोड बदलायच्या चाकावर, म्हणजे डायलवर, दिलेली आहे. तिथे बोट न्यायची भीती तेवढी घालवायची.

नवा किंवा कुणाचा वापरलेला डीएसएलआर वा मिररलेस कॅमेरा घेतला आहे, सोबत आलेली १८-५५ मिमीची लेन्स आहे, आणि ऑटोच्या पुढे गाडी सरकलेली नाही, अशांसाठी हे लिहितो आहे. ‘मॅन्युअल शिकल्याशिवाय फोटोग्राफर होत नाही’ असे सांगणारे प्रत्येक तालुक्याच्या गावी भेटतात. त्यांचे आत्ताच ऐकू नका. श्रावणात घडीभर ऊन आणि घडीभर ढग असतो. तेव्हा मॅन्युअलवर बसलात तर निम्मा वेळ चाके फिरवण्यात जाईल आणि फोटो निघून जाईल. शटर आणि अ‍ॅपर्चर यांतला एक आकडा तुम्ही धरा, दुसरा कॅमेऱ्याला धरू द्या. पुष्कळ जुने, मुरलेले लोकही असेच काम करतात.

कॅमेऱ्यावर काय कुठे आहे

कॅननच्या डायलवर ‘टीव्ही’ आणि ‘एव्ही’ अशी अक्षरे असतात. टीव्ही म्हणजे शटर तुमचे, उजेड किती वेळ आत येऊ द्यायचा ते तुम्ही ठरवायचे; एव्ही म्हणजे अ‍ॅपर्चर तुमचे, उजेड आत घेणारे लेन्समधले भोक किती मोठे ठेवायचे ते तुम्ही ठरवायचे. निकॉन आणि सोनीवर त्यांच्या जागी ‘एस’ आणि ‘ए’ दिसतील. निकॉनवरचा ‘ए’ पाहून तो ऑटो समजू नका, तो अ‍ॅपर्चरचा आहे. फुजीफिल्मच्या बऱ्याच मॉडेलांवर अशी अक्षरेच नसतात; शटरच्या चाकावर आणि लेन्सच्या कड्यावर ‘ए’ अशी खूण असते, आणि जे ‘ए’वर ठेवाल ते कॅमेरा सांभाळतो.

आता शटरचे बटण अर्धे दाबून धरा. पडद्यावर किंवा व्ह्यूफाइंडरच्या तळाशी दोन आकडे उजळतात. नुसता २५० दिसला तर तो सेकंदाचा २५०वा भाग, म्हणजे १/२५०. आकड्यापुढे दोन बारीक उभ्या रेघा दिसल्या तर ते पूर्ण सेकंद. दुसरा आकडा अ‍ॅपर्चरचा: ३.५, ५.६, ८ असा. तिसरा आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेडाला किती दाद देतो तो आकडा, कधी तिथेच दिसतो, कधी बटण दाबून पाहावा लागतो. सुरुवातीला आयएसओ ऑटोवरून काढून १०० वर ठेवा. तो ऑटोवर राहिला तर खालच्या सरावात काय बदलले आणि कशामुळे बदलले, याचा पत्ता लागणार नाही.

अ‍ॅपर्चरचा आकडा वाढतो तसे भोक लहान होते, आणि नवशिक्याचा पहिला गोंधळ इथेच उडतो. तो आकडा भागाकाराचा आहे. ५० मिमीच्या लेन्सला एफ/२ म्हणजे ५० भागिले २, २५ मिमीचे भोक. एफ/१० म्हणजे ५ मिमीचे. मोठ्या आकड्याने भागले की उत्तर लहान येते, इतकेच. २.८, ४, ५.६, ८, ११, १६ या ओळीत एक पायरी पुढे गेलात की आत येणारा उजेड निम्मा होतो. शटरमध्येही १/१२५ वरून १/२५० वर गेलात की निम्मा. दोन्हीकडे पायरी सारखीच असल्यामुळे एकीकडचे घटवून दुसरीकडे भरून काढता येते, आणि हे दोन्ही मोड नेमके तेवढेच करतात.

दुपारी अंगणात उभे राहून याची खात्री करून घ्या. स्वच्छ ऊन, आयएसओ १००, अ‍ॅपर्चर मोड. उन्हातल्या कौलांवर किंवा कडुनिंबाच्या पाल्यावर कॅमेरा धरा आणि चाक फिरवत जा. एफ/१६ ला शटर १/१२५ च्या आसपास दिसेल. एफ/११ ला १/२५०, एफ/८ ला १/५००, एफ/५.६ ला १/१०००. थोडे इकडेतिकडे होईल, पण चाल हीच राहील. हे चारही फोटो सारखेच उजळ येतात, तरी ते सारखे नसतात. मागचे किती स्पष्ट दिसते आणि हलणारे किती थांबते, यात फरक पडतो. हा सराव झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. पंधरा मिनिटांचे काम आहे.

आधी अ‍ॅपर्चर मोड

समोरचे हलत नसेल, किंवा हलके हलत असेल, तर अ‍ॅपर्चर मोड धरा. माझ्या मते नव्या माणसाने कॅमेरा कायम याच मोडवर ठेवावा आणि गरज पडली तरच दुसरीकडे जावे. गावात आपण काढतो ते बहुतेक फोटो उभ्या-बसल्या माणसांचे, पिकांचे, देवळाचे, ढोरावासरांचे असतात.

पहिला धडा घरातल्या म्हाताऱ्या माणसावर करा. आबाजींना ओसरीच्या कडेला, अंगणाकडे तोंड करून बसवा. ऊन अंगावर नको, उन्हाचा उजेड तोंडावर हवा. झूम ५५ मिमीवर न्या आणि अ‍ॅपर्चरचा आकडा होईल तितका लहान करा. या लेन्सवर १८ मिमीला ३.५ मिळतो, पण झूम करता करता तो आपोआप ५.६ होतो. कॅमेरा बिघडला असे वाटून घेऊ नका, ती लेन्सच तशी आहे. फोकस जवळच्या डोळ्यावर ठेवा. मागची भिंत जितकी लांब तितकी ती पुसट होईल, म्हणून आबाजींना भिंतीला टेकवू नका. “आबाजी, जरा पुढं सरकून बसा न,” एवढे म्हटले की निम्मे काम झाले. मागे खुंटीला अडकवलेल्या पिशव्या आणि खताच्या कंपनीचे कॅलेंडर राहू द्या, ते विरघळून जाईल.

५० मिमी एफ/१.८ ची लेन्स स्वस्तात मिळते आणि ती घ्यावीच. पण ती हाती आली की सगळेच एफ/१.८ वर काढायचा मोह होतो. सुरुवातीच्या कॅमेऱ्यांत असतो त्या साध्या आकाराच्या सेन्सरवर, म्हणजे फोटो टिपणाऱ्या तुकड्यावर, दोन मीटरवरून, एफ/१.८ ला जेमतेम ११-१२ सेंमी जाडीचा पट्टा स्पष्ट येतो. एका मीटरवरून तो तीन सेंमीही उरत नाही. डोळा टोकदार आणि कान गेला, अशी अवस्था होते. फेट्याची कड, मिशी, डोळे सगळे हवे असेल तर एफ/४ वर या.

घोळक्याचा फोटो, म्हणजे शाळेचा वर्ग, बचत गटाच्या बाया, लग्नातले सोयरे: दोन ओळी असतील तर एफ/५.६, तीन-चार असतील तर एफ/८. दोनच ओळी असतील तर फोकस पहिल्या ओळीच्या मधल्या माणसावर, जास्त असतील तर दुसऱ्या ओळीवर, शेवटच्या ओळीवर कधीच नको. जवळची वस्तू मात्र उलटे वागते. तुरीच्या फुलावर बसलेली मधमाशी टिपायला हातभर अंतरावर गेलात की एफ/८ लासुद्धा फुलाची एकच पाकळी स्पष्ट येते. जवळ जाल तसा पट्टा बारीक होत जातो, तेव्हा एफ/११ पर्यंत जा.

उघड्या देखाव्याला मोठा आकडा हवा असे सगळीकडे लिहिलेले असते, म्हणून लोक थेट एफ/२२ लावतात. त्याची गरज नाही, आणि त्यात तोटाही आहे. भोक फार बारीक झाले की उजेड कडांवर पसरतो आणि सगळा फोटोच किंचित मऊ पडतो. शिवाय सेन्सरवर बसलेली धूळ एफ/१६ च्या पुढे आभाळात काळ्या ठिपक्यांसारखी दिसू लागते. आपल्याकडच्या मातीत आणि वाऱ्यात ती बसतेच. लोणारच्या विवराच्या काठावर उभे राहिलात तर समोरचे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचे, सगळेच लांब. तिथे एफ/५.६ लाही सगळे स्पष्ट येते. पायाशी एखादे झुडूप किंवा दगड फोटोत घ्यायचा असेल तेव्हा एफ/८ करा, झूम १८ मिमीवर ठेवा आणि दोन मीटरवरच्या वस्तूवर फोकस करा. साधारण एक मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळे पट्ट्यात येते. हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे, तळ्याकाठी, बांधीत, कुठेही कामी येतो.

आता खबरदारी. अ‍ॅपर्चर तुम्ही धरले तरी नजर शटरवर ठेवायची. घरात शिरलात, चुलीपाशी आलात, की कॅमेरा गुपचूप शटर १/१५ वर नेतो आणि फोटो हलतो. हात किती स्थिर हवा याचा एक ढोबळ हिशोब आहे: लेन्सचे मिमी दीडपट करा, शटरचा खालचा आकडा त्याहून लहान होऊ देऊ नका. ५५ मिमीला १/८० ते १/१००, २५० मिमीला १/४००. लेन्समध्ये स्थिर करण्याची सोय असेल तर त्याहून खाली जाता येते, पण ती तुमचा हात सावरते, समोरच्या पोराला नाही. शटर फार खाली आले की आयएसओ ४००, ८००, १६०० असा चढवा. दाणेदार फोटो लोक भिंतीवर लावतात, हललेला फोटो कुणी लावत नाही.

कापूस, म्हैस आणि काळी माती

दोन्ही मोडमध्ये लागणारी गोष्ट इथेच उरकून घेऊ, कारण खरा फरक हिनेच पडतो. एस किंवा ए, काहीही लावा, किती उजेड घ्यायचा हे ठरवतो कॅमेऱ्याचा मीटर, म्हणजे त्यातला उजेड मोजणारा भाग. त्या मीटरची समजूत अशी की जगातली प्रत्येक गोष्ट सरासरीने मध्यम करड्या रंगाची असते. फुटलेल्या कापसाने अर्धी चौकट भरली की तो म्हणतो, फारच उजेड आहे, कमी करा. आणि कापूस राखाडी होतो. गोठ्यातल्या म्हशीवर धरला की म्हणतो, फारच अंधार आहे, वाढवा. मग म्हैस करडी, आणि मागच्या दारातले ऊन पार जळालेले.

यावर उपाय एका बटणाचा आहे. त्यावर अधिक-उणे अशी खूण असते. साध्या कॅननवर ते बटण दाबून धरून चाक फिरवायचे, निकॉनवरही तसेच. काही कॅमेऱ्यांवर वेगळे चाकच असते. पडद्यावर उणे तीनपासून अधिक तीनपर्यंतची पट्टी दिसते. कापूस वेचणीचा फोटो असेल तर काटा +१ वर न्या. बोंडे दाट आणि चौकट भरून असतील तर +१.३ सुद्धा चालते. म्हैस, काळा बैल, नुकतीच वखरलेली ओली काळी माती: −०.७ ते −१. पांढरे धोतर-टोपी घातलेला कास्तकार काळ्या रानात लहानसा उभा असेल तर तिथेही उणेच करा, नाहीतर मीटर मातीकडे बघून उजेड वाढवतो आणि धोतराच्या घड्या पुसल्या जातात. कडुनिंबाच्या सावलीत माणूस आणि मागे उन्हाचे रान असेल तर चेहऱ्यासाठी +१. मागचे रान थोडे उडाले तरी उडू द्या.

अ‍ॅपर्चर मोडमध्ये ही वाढ-घट शटर बदलून होते, शटर मोडमध्ये अ‍ॅपर्चर बदलून. तुम्ही धरलेला आकडा जागचा हलत नाही. काम झाले की काटा शून्यावर आणा. कॅमेरा बंद केला तरी तो बहुतेक मॉडेलांवर तसाच राहतो, आणि दुसऱ्या दिवशी ग्रामसभेचे सगळे फोटो पांढरे येतात.

वैशाखातल्या दुपारी पडद्यावर काहीच धड दिसत नाही. तिथे फोटो उजळ आहे की काळा याचा अंदाज डोळ्यांनी घेऊ नका. फोटो पाहताना माहितीचे बटण दाबत गेलात की हिस्टोग्राम नावाचा डोंगरासारखा आलेख येतो. डोंगर उजव्या भिंतीला चिकटून चढला असेल तर कापूस जळाला, त्यातले तंतू आता परत मिळणार नाहीत. उजवीकडे झुकलेला पण भिंतीला न टेकलेला डोंगर कापसासाठी बरोबर.

शटर मोड: पटावर आणि पाण्यावर

शंकरपट हा शटर शिकायचा सगळ्यात चांगला वर्ग. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बंद पडलेल्या शर्यतींना डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानेही राज्याचा कायदा मान्य केला. तेव्हापासून अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरसारख्या जुन्या पटांच्या जागी पुन्हा गर्दी होते. जोडी काही सेकंदांत दान, म्हणजे धावायची पट्टी, पार करते, म्हणजे तुम्हाला सावरायला वेळ मिळत नाही. सगळे आधी लावून ठेवायचे.

डायल शटर मोडवर. शटर १/१०००. आयएसओ ४००. फोकस सतत पाठलाग करणारा, कॅननवर एआय सर्व्हो, निकॉनवर एएफ-सी. एकामागून एक फोटो निघणारी बर्स्ट चालू. उभे राहायची जागा सूर्य तुमच्या पाठीशी येईल अशी निवडा, आणि दोरीच्या किंवा बांबूच्या आडीच्या मागे, प्रेक्षकांच्या बाजूलाच उभे राहा. धुरकऱ्याला जोडी थांबवता येते असे धरून चालू नका. जोडी समोरून आडवी जात असेल तर १/१००० ने पाय थांबतात, खुरांखालून उडालेली ढेकळे हवेत टांगलेली हवी असतील तर १/२०००. जोडी थेट तुमच्याकडे येत असेल तर १/५०० लाही भागते, कारण चौकटीत ती फारशी सरकत नाही, मोठी होत येते. तिथे फोकसची परीक्षा असते, शटरची नव्हे.

आता उलट करून पाहा. शटर १/६० करा, आयएसओ १०० वर आणा, आणि जोडीबरोबर कंबरेतून वळत फोटो घ्या. बटण दाबल्यावरही वळणे थांबवू नका. धुरकरी आणि बैलांची तोंडे बऱ्यापैकी स्पष्ट, पाय विरघळलेले, मागची गर्दी आडव्या रेघांची. दहातले आठ फोटो वाया जातात, जाऊ द्या. १/१००० चा फोटो कधी कधी इतका थिजतो की जोडी पळते आहे की उभी, ते सांगावे लागते. मला स्वतःला १/६० चाच जास्त आवडतो, पण आयोजकांना आणि बैलवाल्यांना १/१००० चा हवा असतो. दोन्ही घेऊन ठेवा.

शटर मोडची खोड अशी की तुम्ही मागाल ते शटर तो देतो, मग उजेड असो वा नसो. हिवाळ्यात चारनंतर ऊन उतरते, शटर १/१००० वर तसेच राहते, आणि अ‍ॅपर्चर ५.६ वर येऊन अडते. त्याहून मोठे भोक या लेन्सला नाही. कॅननवर अशा वेळी अ‍ॅपर्चरचा आकडा लुकलुकतो, दुसऱ्या कॅमेऱ्यांवर काही ना काही इशारा येतो. बटण तरीही दाबले जाते आणि फोटो काळा पडतो. लुकलुक दिसली की दोन वाटा: आयएसओ चढवा किंवा शटर उतरवा. सांजेच्या फेऱ्यांना आयएसओ १६०० आणि १/५०० अशी तडजोड करावीच लागते. दरवेळी हे बघायचे नसेल तर शटर मोडमध्ये आयएसओ ऑटोवर टाका आणि मेनूत त्याची वरची मर्यादा ३२०० ठेवा. सरावाच्या वेळी काढून टाकलेला ऑटो आयएसओ इथे खऱ्या अर्थाने उपयोगाचा आहे. गोंदियाकडे धानाच्या बांध्यांवरून उडणारे सारस टिपायचे असतील तर हीच मांडणी, शटर १/१००० किंवा वर. फक्त पक्ष्यांना उडवण्यासाठी त्यांच्याकडे चालत जाऊ नका. घरट्याच्या दिवसांत तर बांधीवरूनच मागे फिरा.

मंद शटरचे खूळ पावसाळ्यात डोक्यात शिरते. पैनगंगेवर सहस्रकुंडाला पाणी भरून वाहते, आणि ते दुधासारखे गुळगुळीत दिसावे असे वाटते. त्यासाठी शटर अर्ध्या सेकंदावर हवे, कॅमेरा तिपाईवर हवा, आयएसओ १०० आणि ऑटो बंद. भर उन्हात गेलात तर जमणार नाही. वरचा हिशोब पुढे न्या: एफ/१६ ला १/१२५, तर एफ/२२ ला १/६०. तिथून अर्ध्या सेकंदापर्यंत पाच पायऱ्या आहेत, म्हणजे ३२ पट जास्त उजेड आत येणार. अ‍ॅपर्चर २२ वर लुकलुकत राहील आणि फोटो कोरा पांढरा निघेल. एक तर लेन्सवर गडद एनडी फिल्टर लावा, ३२ पट उजेड अडवणारा मिळतो, नाहीतर दिवस उगवायच्या आधी किंवा आभाळ गच्च भरलेले असताना जा. खडक शेवाळलेले असतात. तिपाई पाण्यापासून लांब ठेवा, तुम्हीही लांब राहा, पावसाळ्यात पाणी वाढायला वेळ लागत नाही.

पोळ्याच्या दिवशी दोन्ही

पोळा फुटण्याआधी तोरणाखाली बैल ओळीने उभे असतात. शिंगांना बेगड, अंगावर झूल, कपाळाला बाशिंग, कुणी झडत्या म्हणतो आहे. हे सगळे अ‍ॅपर्चर मोडचे काम: एका बैलाचे डोळे आणि बाशिंग हवे असेल तर सर्वात लहान आकडा, सगळी ओळ हवी असेल तर एफ/८. पिठोरी अमावस्येला आभाळ बहुधा भरलेले असते. गच्च ढगात उघड्या उन्हापेक्षा तीनेक पायऱ्या उजेड कमी असतो, म्हणून आयएसओ ४०० पासूनच सुरुवात करा. एफ/५.६ ला १/५०० च्या जवळपास शटर मिळेल, दिवस कलला की १/१२५ होईल.

तोरण तुटायच्या आधी डायल शटरवर न्या, १/५००, आयएसओ ऑटो. तुटल्यानंतर डायल शोधायला जाल तर तेवढ्यात बैल घराकडे निघालेले असतात. बऱ्याच कॅमेऱ्यांवर दोन्ही मोड डायलवर शेजारीच आहेत, न बघता एक घर सरकवायची सवय बोटाला लावून घ्या. दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेतलेली पोरे असतात. ती एका जागी ठरत नाहीत. अ‍ॅपर्चर मोड, एफ/५.६, पण शटर १/२५० च्या खाली जाऊ देऊ नका, आणि गुडघ्यावर बसून काढा.

झाडीपट्टीच्या मंचासमोर

दिवाळीनंतर गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या गावागावांत नाटके लागतात. वडसा हे त्या कंपन्यांचे मुख्य ठाणे. प्रयोग रात्री उशिरा सुरू होतो आणि पहाटेपर्यंत चालतो. मंचावर झगझगीत दिवे, भोवती मिट्ट काळोख. इथे १८-५५ लेन्स कमी पडते, ५० मिमी एफ/१.८ कामाला येते.

अ‍ॅपर्चर मोड, एफ/२, आयएसओ १६०० पासून सुरुवात. मागचा काळा पडदा बघून मीटर उजेड वाढवतो आणि नटाचा चेहरा जळतो, म्हणून अधिक-उणे −१ वर. संवाद चालू असताना नट घडीभर थांबतो, तो क्षण १/१२५ ला मिळतो. लावणी सुरू झाली की १/२५० तरी हवेच; शटर मोडवर जा आणि आयएसओ ३२०० होऊ द्या. ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी दिव्यांत फोटोवर आडवे काळे पट्टे आले तर घाबरू नका. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. शटर १/१०० किंवा १/५० वर आणले की पट्टे बहुधा जातात. फ्लॅश मारू नका. नटाचे डोळे दिपतात, आणि मागे बसलेली मंडळी तुम्हाला ऐकवतात तेही रास्तच असते.

मॅन्युअल शिकायची पहिली जागाही हीच. प्रवेश बदलेपर्यंत दिवे तेच राहतात. अ‍ॅपर्चर मोडवर चेहरा बरोबर आला की आलेले आकडे लक्षात ठेवा, डायल ‘एम’वर न्या आणि तेच आकडे लावा. मग नट पांढरा सदरा घालून येवो की काळी घोंगडी पांघरून, उजेड जागचा हलत नाही.

लग्न आणि फ्लॅश

रात्रीच्या हळदीला फ्लॅश उघडला की दोन्ही मोड वेगळे वागतात. कॅननवर एव्ही मोडमध्ये कॅमेरा मागच्या अंधाराचाही विचार करतो आणि फ्लॅश असूनही शटर पाव-अर्ध्या सेकंदापर्यंत मंद करतो. नवरदेवाच्या भोवती त्याचीच सावली उमटते. मेनूत फ्लॅशच्या वेळचे शटर १/२०० ते १/६० मध्येच राहील अशी सोय बहुतेक मॉडेलांत असते, ती चालू करा. निकॉन ए मोडमध्ये फ्लॅश असताना सहसा १/६० च्या खाली जात नाही. शटर मोडमध्ये उलटी अडचण: फ्लॅश लागला की १/२०० किंवा १/२५० च्या वर जाता येत नाही, चाक कितीही फिरवा. दोन्हींत मला सोपे वाटते ते असे: शटर मोड, १/६०, आयएसओ ८००, फ्लॅश चालू. नवरदेव फ्लॅशच्या उजेडात थांबतो, आणि मागच्या मांडवातल्या माळा उमटायला तेवढा वेळ पुरतो.